कुत्र्याला नारळ, रिळांना भंगार

कुत्री बोलत नाहीत, असं लेखी कारण देऊन वॉर्नर ब्रदर्सने १९२९ च्या अखेरीस रिन टिन टिनला नारळ दिला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या एका उद्ध्वस्त श्वानगृहात ली डंकन या अमेरिकी सैनिकाला सापडलेलं हे जर्मन शेफर्डचं पिल्लू. पुढे मूकपटांत त्याने याच कंपनीचा गल्ला भरला.

त्याच १९२९ मध्ये त्याचा ‘फ्रोझन रिव्हर’ आला होता. थोडा मूक, थोडा बोलका. सोबत डेव्ही ली हा तेव्हाचा लाडका बालनट. आज या चित्रपटाची प्रत कुठल्याही संग्रहात असल्याची नोंद नाही. गंमत म्हणजे, नंतर मॅस्कॉट नावाच्या लहानशा कंपनीसाठी रिन टिन टिनने केलेल्या ‘द लोन डिफेंडर’ आणि ‘द लायटनिंग वॉरियर’ या बोलक्या मालिका अजून बघता येतात. गोष्टीत दम नाही, पण भुंकणं खणखणीत!

हैदराबादच्या काचिगुड्यात बसून अमेरिकी कुत्र्याचं सुतक कशाला पाळता, असं शेजारी विचारतात. अहो, सुतक घरचंच आहे. धीरेन गांगुलींनी १९२२ मध्ये आमच्या हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली, ‘द लेडी टीचर’, ‘द मॅरेज टॉनिक’ असे मूकपट केले. ‘रझिया बेगम’ दाखवला म्हणून निजामाने त्यांना राज्याबाहेर घालवलं, हा किस्सा आम्ही चवीने सांगतो. त्यांचे इथले चित्रपट दाखवा म्हटलं, की हात रिकामे.

‘आलम आरा’चंही तेच. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकला लागलेला आपला पहिला बोलपट, नायक मास्टर विठ्ठल. २००३ च्या पुण्यातल्या आगीत तो जळाला, असं अजूनही छापून येतं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे त्याची प्रत कधी नव्हतीच, हे ते संग्रहालय उभारणारे पी. के. नायर सांगून थकले. संग्रहालयच मुळी १९६४ चं. तोवर जुन्या फिल्मा धुऊन चांदी काढायची आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या, पर्सा करायच्या, हा धंदा बिनबोभाट चालला. बांगड्यांसाठी प्रसिद्ध लाडबाजाराच्या गावात राहून हे लिहिताना जरा कसंतरीच होतं.

पुस्तक छापलं की प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत द्यायची, हा कायदा १९५४ पासून आहे. चित्रपटाला असं सरसकट बंधन नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात देण्याआधीच एक प्रत जमा करून घ्या. निर्माते कुरकुरतील, कुरकुरू देत. जाहिरातींवर उधळतात त्यापुढे हा खर्च किती?

आणि हैदराबादच्या सुलतान बाजार, बडी चावडीतल्या आपल्या माणसांना एक विनंती. माळ्यावर सिनेमाच्या गाण्यांची जुनी पुस्तकं, थिएटरची हस्तपत्रकं, एखादं रीळ पडलं असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी एक पत्र टाका.