बरे होणे आणि सावरणे

ताप आलेला माणूस बरा होतो, मोडलेला हात बरा होतो, कावीळ बरी होते. पण मूल गमावलेल्या आईबद्दल 'बरी झाली' असे कुणी म्हणत नाही; 'आता जरा सावरली आहे' असे म्हणतात. धंद्यात बुडालेला, लग्न मोडलेला, पन्नाशीत नोकरी गेलेला माणूसही सावरतो, बरा होत नाही. हा फरक कुणी शिकवलेला नसतो, तरी त्यात सहसा कुणाची चूक होत नाही. बरे होण्यात पूर्वीची स्थिती परत येते. सावरण्यात ती परत येणार नाही हे धरूनच तोल साधायचा असतो. शिवाय बरे करायला डॉक्टर असतो. सावरताना दुसरा फार तर सावरून धरतो, आपल्या वतीने उभा राहू शकत नाही. अस्तित्ववादाचा मनाच्या दुखण्याशी जो काही खरा संबंध आहे तो या दुसऱ्या शब्दाशी आहे, आणि त्याला पहिल्या शब्दाच्या दुकानात विकायला बसवले की फसवणूक सुरू होते, असे माझे म्हणणे आहे.

मराठीत अस्तित्ववाद आला तो दवाखान्याच्या दाराने नव्हे, साहित्याच्या वर्गातून. सार्त्र, कामू, काफ्का ही नावे साठच्या दशकात परीक्षणांमधून फिरू लागली. परात्मता, तुटलेपण, निरर्थकता हे शब्द रुळले. आणि अस्तित्ववादी म्हणजे जगावर रुसलेला, दाढी वाढवलेला तरुण असा समज पक्का झाला. (एम.ए.च्या कित्येक पिढ्या त्यावर टीप लिहून पास झाल्या.) आता तोच विचार सुविचार होऊन मोबाइलवर येतो: मागे सूर्योदय, पुढे 'आयुष्याचा अर्थ तुम्हीच ठरवा'. या सुविचाराला सार्त्रनेच आधी चाप लावून ठेवला आहे. १९३९ साली त्याने भावनांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने उदाहरण घेतले आहे ते आपल्या कोल्ह्याचेच म्हणावे असे. द्राक्षांपर्यंत हात पोचत नाही म्हटल्यावर माणूस द्राक्षेच आंबट ठरवतो. द्राक्षे तशीच लटकत राहतात. बदलते ती त्यांच्याकडे पाहण्याची नजर, आणि आपण ती बदलली हेही त्याला कळत नाही. भावना अशी जादू करते, असे सार्त्रचे म्हणणे. मग दुःखाला नवा अर्थ देणारा प्रत्येक उपचार ही कोल्ह्याचीच युक्ती कशावरून नाही?

व्हिएन्नाचा मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल याने सांगितलेली एक हकिकत या प्रश्नापुढे ठेवून पाहावी. एक वृद्ध डॉक्टर त्याच्याकडे आला. बायकोला जाऊन दोन वर्षे झाली होती आणि खिन्नता हटत नव्हती. फ्रँकलने सांत्वन केले नाही, उपदेशही केला नाही. तुम्ही आधी गेला असता आणि ती मागे राहिली असती तर, एवढेच विचारले. तिला ते फार जड गेले असते, म्हातारा म्हणाला. मग ते दुःख तिला चुकले आणि ते तुम्ही चुकवले, फ्रँकल म्हणाला. त्याची किंमत म्हणून तुम्ही मागे राहिला आहात. म्हातारा काही बोलला नाही. त्याने फ्रँकलचा हात हातात घेतला आणि शांतपणे निघून गेला. आता यात द्राक्षे आंबट झाली का? नाही. कोल्हा गमावलेल्या वस्तूची किंमत पाडतो. म्हाताऱ्याच्या लेखी बायकोची किंमत तसूभरही कमी झाली नाही, उलट तिच्यासाठी आपण काही सोसतो आहोत हे त्याच्या हाती आले. दुःख होते तेवढेच राहिले, फक्त त्याच्याशी असलेले नाते बदलले. पुढे फ्रँकल स्वतःच सांगून टाकतो की हा खऱ्या अर्थाने उपचार नव्हता, कारण म्हाताऱ्याची निराशा हा मुळात रोगच नव्हता. १९४२ ते १९४५ या काळात चार छळछावण्यांतून गेलेला, आई, वडील आणि पत्नी तिघांनाही छावण्यांत गमावलेला माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला वजन येते.

तरीही ही एकच हकिकत झाली, आणि अशा हकिकती कीर्तनातल्या आख्यानासारख्या गोळीबंद असतात. त्यावर उपचारशास्त्र उभे करता येत नाही. पुरावा हवा तर तो कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधावा लागतो. अर्विन यालोम या अस्तित्ववादी मानसोपचारतज्ज्ञाने डेव्हिड स्पीगलला बरोबर घेऊन १९७०च्या दशकात तिथे स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या स्त्रियांचे गट चालवले. आठवड्यातून एकदा दीड तास या बायका गोल बसत आणि घरी ज्या गोष्टीचे नावही काढायची चोरी, त्या मरणाबद्दल बोलत. गटातली एखादी पुढच्या खेपेला नसे. मग त्या रिकाम्या जागेबद्दलही बोलत. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पीगलने ८६ स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष छापला: गटात आलेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, न आलेल्या १८.९ महिने. त्यावर जगभर गवगवा झाला. मनाने कर्करोगावर मात करता येते ही बातमी कुणाला नको असते? पण २००१ साली कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचे दिसले नाही आणि २००७ साली खुद्द स्पीगललाही स्वतःचा जुना निष्कर्ष पुन्हा काढता आला नाही. इथे बहुतेक बातम्या संपतात. मला मात्र कॅनडाच्या चाचणीतला उरलेला भाग जास्त मोलाचा वाटतो. सुरुवातीला ज्या स्त्रिया जास्त व्यथित होत्या त्यांची मनाची तगमग गटामुळे कमी झाली, वेदनाही कमी जाणवली. म्हणजे आजार बरा झाला नाही, बाई सावरली. जे मिळणारच नव्हते ते मागितल्यामुळे जे मिळाले तेही पदरात पडले नाही असे वाटत राहिले, हा दोष मागण्याचा आहे. २०१५ साली अशा उपचारांच्या १५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातूनही असेच काहीसे निघाले. जगण्याच्या अर्थावर थेट, आखीव काम करणाऱ्या पद्धतींचा परिणाम चांगला दिसला. नुसते अनुभवाशी थांबणाऱ्या पद्धतींच्या बाजूने पुरावा मिळाला नाही. अस्तित्ववाद्यांतल्या सोवळ्या मंडळींना हे रुचणारे नाही, पण आकडे तसे आहेत.

यावरचा सगळ्यात जड आक्षेप आपल्याच देशातून येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहा टक्क्यांहून थोड्या अधिक प्रौढांना मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. जिथे नैराश्याला अजूनही 'नाटकं' म्हणतात, तिथे 'तुझे दुःख हा आजार नाही' असे सांगणे म्हणजे गोळी घेणाऱ्या माणसाच्या हातातली गोळी काढून घेणे नव्हे का? हा धोका खरा आहे. पहाटे तीनला जाग येते, घास घशाखाली उतरत नाही, अंथरुणातून उठून तोंड धुणे डोंगराएवढे होते. अशा माणसाला 'निवड कर' म्हणणे हे मोडल्या पायाच्या माणसाला चालायला लावणे आहे. तिथे निवडणारे मनच आजाराने धरलेले असते आणि आधी डॉक्टर, औषध, झोप. हे अस्तित्ववादाच्या विरुद्ध तर नाहीच. त्याच्या मूळ पुरुषांपैकी कार्ल यास्पर्स हायडलबर्गच्या मनोरुग्णालयात काम केलेला डॉक्टर होता आणि १९१३च्या आपल्या ग्रंथात त्याने हाच भेद केला होता: मनातल्या काही गोष्टींची कारणे शोधावी लागतात, काहींचा अर्थ समजून घ्यावा लागतो. पण चूक उलट दिशेनेही होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०२२ साली लांबलेल्या शोकाचा विकार दाखल झाला. प्रौढांसाठी मुदत बारा महिने. काही शोक खरोखर माणसाला निकामी करतात आणि त्यांना नाव मिळाल्याने मदत मिळते, हे मान्य. आपल्याकडेही वर्षश्राद्धाची मुदत होतीच. पण ती शोक करण्यासाठी दिलेली सवड होती, तिच्यानंतर कुणी रोगी ठरत नसे. (आता तेराव्यापर्यंतचे सगळे तीन दिवसांत उरकतात, आणि चौथ्या दिवशी ऑफिसचा फोन येतो.) नेमाड्यांच्या १९६३ सालच्या 'कोसला' कादंबरीत धाकट्या बहिणीच्या मरणावर पांडुरंग सांगवीकर जो आकांत करतो त्याला कोणत्या रकान्यात घालणार?

दुसरा आक्षेप असा की हे सगळे पोटभर जेवणाऱ्यांचे तत्त्वज्ञान आहे. कर्जबाजारी घरातल्या बाईला अर्थ शोधायला सांगायचा, म्हणजे कर्ज तिच्याच वृत्तीवर ढकलायचे. फ्रँकलच्या नावाने प्रेरक भाषणे ठोकणाऱ्यांच्या बाबतीत हा आरोप शंभर टक्के लागू पडतो. पण टळू शकणारे दुःख आधी टाळा, ते उगाच सोसण्यात शौर्य नाही, हे फ्रँकलनेच बजावले होते. अल्जिरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या फ्रांझ फॅनन या डॉक्टरने १९५६ साली राजीनामा दिला, तो वसाहतीच्या राजवटीत माणसाला माणसात परत आणणे शक्य नाही म्हणून. आणि स्वातंत्र्य हवेत तरंगत नाही, ते परिस्थितीत रुतलेले असते, हे अस्तित्ववादी लेखिका सिमोन द बोव्हारने स्त्रीच्या संदर्भात १९४९ सालीच ठणकावून सांगितले.

तिचे म्हणणे समजायला पॅरिसला जावे लागत नाही. माणूस आधी असतो आणि तो काय आहे हे नंतर, त्याच्या करण्यातून ठरते, असे सार्त्र म्हणतो. नवरा गेलेल्या बाईचे उलटे होते. प्रेत दारात असतानाच ती काय आहे हे ठरलेले असते. बाकीच्या बायका तिचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात, पायातली जोडवी काढतात. फ्रँकलच्या दवाखान्यातून निघालेल्या म्हाताऱ्याच्या हातातले काही कुणी फोडले नव्हते. त्याला सावरायला निदान मोकळे हात होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. मनाच्या उपचाराची ही पहिली पायरी कुठल्याही समुपदेशकाच्या खोलीत घातली गेली नसती. तिला ग्रामसभाच लागली. मात्र ठरावाने बांगड्या हातात राहिल्या तरी उद्या सकाळी आरशासमोर उभे राहून कुंकू लावायचे की नाही, सासूसमोर लावायचे की नाही, शेजारच्या हळदीकुंकवाला बोलावणे आले तर उंबरा ओलांडायचा की नाही, हे तिचे तिलाच ठरवावे लागते, आणि ते एकदा ठरवून भागत नाही.