पदवी एकच, तर निवड कशाची?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले, की आपल्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सानंतर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. कुणी बाप एखाद्या जाणत्याला बाजूला घेऊन विचारतो, "पोरगी फार्मसीले जातो म्हणते. अमरावतीचं कॉलेज बरं का अकोल्याचं?" आणि तो जाणता क्षणाचाही विचार न करता सांगतो, "कॉलेजचं काय पाह्यता? डिग्री तं एकच भेटते. सोपं असंन ते घ्या!"

या 'सोप्या'विरुद्ध मला आज लिहायचे आहे.

त्या उत्तरातील अर्धे सत्य मान्य केलेच पाहिजे. 1983 साली स्थापन झालेले आणि आज संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाणारे अमरावती विद्यापीठ अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पाच जिल्ह्यांचे आहे. बी. फार्मसीचा अभ्यासक्रम फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 2014 च्या नियमावलीने देशभर एकसारखा केला आहे. तेव्हा अकोल्यात शिका की अमरावतीत, चार वर्षांनी मिळणाऱ्या कागदावर तेच बोधचिन्ह आणि तीच अक्षरे असणार. परंतु यातून निवड निरर्थक ठरते, हा निष्कर्ष सर्वस्वी उलटा आहे. कागद जेव्हा दोघांना सारखाच मिळतो, तेव्हा त्या कागदामागे काय आहे हे आधीच पाहून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पुढे औषध घेणाऱ्या रोग्याला तो फरक कागदावरून कधीच कळणार नसतो.

आणि 'सोपे' म्हणजे तरी काय? रोज जावे लागत नाही, प्रात्यक्षिकांची वही दुसऱ्याची उतरवून चालते, एवढाच त्याचा अर्थ. नियम मात्र स्पष्ट आहेत. बी. फार्मसीला प्रत्येक विषयात 80 टक्के आणि डी. फार्मसीला 75 टक्के हजेरी बंधनकारक आहे; पदविकेनंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षणही पुरे करावे लागते. ज्या महाविद्यालयात ही हजेरी केवळ कागदावर भरली जाते, तेथे आपले मूल पहिल्याच वर्षी खोटी सही करायला शिकते. पुढची पायरीही सर्वांना ठाऊक आहे. नोंदणी प्रमाणपत्र कुणा दुकानदाराच्या भिंतीवर टांगायचे, दरमहा भाडे घ्यायचे आणि स्वतः दुसराच उद्योग करायचा. 1948 च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिला आहे. प्रत्यक्षात ते देतो दहावी नापास मुलगा! मुलांना कॅटेकिझममध्ये आठवी आज्ञा घोकायला लावणारे आपण या भाड्याला 'जोडधंदा' म्हणतो, याची लाज वाटली पाहिजे.

आठव्या आज्ञेचा भंग कधी कधी पाचव्या आज्ञेपर्यंत पोहोचतो. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल देण्यात आले आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्यावर जवळजवळ चाळीस वर्षे लोटली, आणि 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात त्याच विषाने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. काही लेकरांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले होते. त्या मृत्यूंचा दोष कुणा महाविद्यालयावर ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण कच्चा माल विकत घेणे, तो तपासणे, तयार औषधाचा नमुना पास करणे, या साखळीतील प्रत्येक कडीवर कुणीतरी शिकलेला माणूस बसलेला असावा, अशी अपेक्षा असते. तपासल्याशिवाय 'तपासले' असे लिहिण्याची सवय एका दिवसात जडत नाही. ती वर्गातल्या वहीपासून सुरू होते.

अमरावती-अकोला महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्याचा आपल्याला अभिमान आहे. मात्र रस्ता पाच दिवसांत होतो म्हणून फार्मासिस्टही झटपट व्हावा, असा हट्ट धरता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या फार्मसी महाविद्यालयांवरील कौन्सिलची बंदी कायद्याच्या कसोटीवर टिकणारी नाही, असा निर्णय दिला. महाविद्यालये काढण्याचा मार्ग मोकळा झाला. पारखण्याचे काम आता अधिकच आपल्याकडे आले.

यावर रास्त आक्षेप आहेत, आणि ते मी टाळणार नाही. "आम्ही गरीब माणसं, पोरीला परगावी ठेवायचं कसं?" हा प्रश्न खोटा नाही. अकोला आणि बडनेरा एकाच लोहमार्गावर असले, तरी रोजची ये-जा थकवणारी आहे आणि वसतिगृहाला पैसे लागतात. परंतु केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, 2024-25 पासून शासनाने शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. किती घरांत याची चौकशी होते? लग्नात मांडवावर होणारा खर्च आठवा, म्हणजे आपली गरिबी कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कळेल. जवळचे महाविद्यालय खरोखर चांगले असेल, तर तेच घ्यावे. माझे भांडण जवळच्याशी नाही, पोकळ महाविद्यालयाशी आहे.

ते ओळखायचे कसे? माहितीपत्रकावरून नव्हे. एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी तीन वाजता, न कळवता जा. प्रयोगशाळा चालू आहे की कुलूपबंद? तराजूवर धूळ आहे की हातांच्या खुणा? दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, "काल कोणता प्रयोग केला?" तो अडखळला, तर समजून घ्या. चालू वर्षाची कौन्सिलची मान्यता किती जागांना आहे, शिक्षक कायम आहेत की तपासणीपुरते आणलेले, ठरलेल्या शुल्काची पावती मिळते की वरचे पैसे हातावर ठेवावे लागतात, हेही विचारा. धर्मग्रामात कुणी फार्मासिस्ट असेल, तर त्याला सोबत न्या. तरुणांच्या संघटनांनी दर वर्षी एवढे काम अंगावर घेतले, तरी ती मोठी सेवा होईल.

बेनसिराच्या ग्रंथाच्या 38व्या अध्यायात वैद्याबरोबर औषध तयार करणाऱ्याचाही सन्मानाने उल्लेख आहे. कॉस्मास आणि डेमियन या ज्या जुळ्या वैद्यसंतांचा सण ख्रिस्तसभा 26 सप्टेंबरला पाळते, ते रोग्यांकडून मोबदला घेत नसत, अशी परंपरा सांगते. आपल्या मुलांनी फुकट काम करावे, असे कुणी म्हणत नाही. न केलेल्या कामाचे पैसे त्यांनी घेऊ नयेत, एवढेच मागणे आहे.

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना पहिल्या ओळीत कोणते नाव लिहावे, हे मी सांगणार नाही. पण ते लिहिण्यापूर्वी प्रत्येक आईबापाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मध्यरात्री आपलेच लेकरू तापाने फणफणले, तर या महाविद्यालयात शिकलेल्या माणसाच्या हातची बाटली आपण निर्धास्तपणे त्याच्या ओठांना लावू काय?