कार्ड टेकवा, पण पिन द्या

विनासंपर्क कार्डावर पिनशिवाय एका व्यवहारात 5,000 रुपये जाऊ देणारी रिझर्व्ह बँकेची मर्यादा खाली आणलीच पाहिजे.

फोन टेकवण्याआधी त्याचे कुलूप उघडावे लागते. बोटाचा ठसा किंवा पिन लागतो. कार्ड मात्र ज्याच्या हाती त्याचे. फाल्गुन अमावास्येला वढू बुद्रुक येथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीस्थळी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत खिशातले पाकीट गेले, तर कार्ड बंद होईपर्यंत चोराला पिनची गरज नाही.

ही सोय बंद करण्याचा, मर्यादा घटवण्याचा अधिकार 2020 पासून ग्राहकाकडे आहे. तो प्रत्येक शाखेने खिडकीवर, मराठीतून समजावून सांगावा, ही आमची मागणी आहे. वाचकांनीही आजच आपली मर्यादा तपासावी.