आम्लपित्ताची गोळी : किती दिवस?

आपल्या व्यापारी मंडळींत आम्लपित्ताची तक्रार ज्या घरी नाही असे घर आज विरळाच. दुकानाच्या गल्ल्यात सुट्ट्या नाण्यांशेजारी गोळ्यांची पट्टी ठेवलेली असते, आणि सकाळी ती घेतल्यावाचून कित्येकांच्या दिवसास आरंभ होत नाही. गोळी वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती कोणी सांगितली व किती दिवसांसाठी सांगितली, असे विचारता पुष्कळांस उत्तर देता येत नाही, ही गोष्ट आम्हांस चिंतेची वाटते.

ओमेप्राझोल हे औषध १९८८ साली युरोपात प्रथम बाजारात आले. पँटोप्राझोल व रॅबेप्राझोल ही त्याच जातीची. जठरात आम्ल निर्माण करणारी क्रियाच ही औषधे रोखतात. जठरव्रण आणि अन्ननलिकेचा दाह यांत त्यांनी असंख्य रुग्णांचे हाल थांबविले आहेत. नेहमीच्या जळजळीसाठी डॉक्टर ती बहुधा चार ते आठ आठवडे देतात. हृदयविकारावर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या कित्येक वृद्धांस मात्र, जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून, ती दीर्घकाळ दिली जाते. अशांनी हा लेख वाचून गोळी परस्पर बंद करू नये.

अवास्तव भीतीही नको. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांवरील सुमारे तीन वर्षांच्या चाचणीत, पँटोप्राझोल घेणाऱ्यांस आतड्यांचे संसर्ग किंचित अधिक झाले. हाडे मोडणे, मूत्रपिंडाचे विकार वा स्मृतिभ्रंश यांत वाढ दिसली नाही. तथापि तीन वर्षे म्हणजे पंधरा वर्षे नव्हेत.

आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे ती गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. अन्नातील बी-१२ सुटे होण्यास जठरातील आम्ल लागते. मांस, मासे व अंडी आपणांस वर्ज्य असल्याने आपला आधार मुख्यतः दूध, दही व ताक एवढाच. मुळातच आवक थोडी, त्यात गोळीने ती आणखी घटते. २०१३ साली कॅलिफोर्नियातील एका मोठ्या पाहणीत, दोन वर्षे वा अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांत बी-१२ ची उणीव अधिक आढळली. मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांस तर ही शक्यता दुप्पट ध्यानात ठेवावी लागते, कारण त्या औषधानेही बी-१२ घटते. पायांस मुंग्या येणे, तोल जाणे, विसर पडणे ही लक्षणे आपण वयावर ढकलतो; उपचारास फार विलंब झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येईलच असे नाही.

गोळी सोडताच जळजळ उसळते, म्हणून रोग कायमचा आहे असे अनेकजण समजतात. २००९ साली डेन्मार्कमध्ये निरोगी माणसांस आठ आठवडे अशी गोळी देऊन बंद केली असता, त्यांपैकी शेकडा ४४ जणांस पुढील चार आठवड्यांत आम्लाची तक्रार जाणवली. औषधविरहित गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण शेकडा १५ होते. ही उसळी बहुधा काही आठवड्यांत शमते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी.

रात्री दहास दुकान बंद करून जेवावे आणि लागलीच अंथरुणास पाठ टेकावी, ही रीत जळजळीस आमंत्रणच देते. जेवण व निद्रा यांत दोन-तीन तासांचे अंतर असावे, असे डॉक्टरही सांगतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि भुकेहून दोन घास कमी खाणे ही आपल्या धर्माची शिकवण आत्मसंयमासाठी आहे. तिने पोटासही विसावा मिळतो, हा तिचा आनुषंगिक लाभ.

घास गिळताना अडणे, वजन विनाकारण घटणे, काळे शौच होणे यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांस त्वरित दाखवावे. छातीत दाब येऊन घाम फुटल्यास तर गोळी घेऊन वाट पाहत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमची विनंती दोन गोष्टींची. दिवाळीस वहीपूजनाच्या वेळी प्रत्येक घराने औषधांचाही आढावा घ्यावा, आणि वर्षाहून अधिक चाललेली गोळी डॉक्टरांपुढे ठेवून तिची गरज विचारावी. तसेच संघाने आपल्या आरोग्य शिबिरात, अशी गोळी घेणाऱ्या वृद्ध सभासदांच्या बी-१२ तपासणीची सोय करावी. वर्षानुवर्षे न तपासलेले खाते आपण व्यापारात चालू देत नाही. देहाच्या बाबतीत तरी ते का चालू द्यावे?