सरकारी दवाखाना आणि आपण

प्रजेच्या आरोग्यांत सरकारनें कोठवर हात घालावा, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. सन १८९७ मध्यें प्लेगच्या निमित्तानें गोरे शिपाई पुण्याच्या घरांघरांतून शिरले, तेव्हां सरकार उंबरठ्याच्या आंत आलेंच कां, म्हणून लोक संतापले. त्या संतापाची परिणति रँडच्या वधांत झाली, हें शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्याच वर्षींचा साथरोगाचा कायदा २०२० सालीं करोनाच्या वेळीं पुन्हां बाहेर काढावा लागला. या खेपेस मात्र तक्रार निराळीच ऐकूं आली: आपल्या माणसास सरकारी खाट कां मिळत नाहीं! लोकांची अपेक्षा अशी पालटली, हें आमच्या मतें चांगलेंच झालें.

या कर्तव्याचा सविस्तर विचार आपल्याकडे भोर समितीनें केला. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं १९४३ मध्यें नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ सालीं निघाला. ऐपत नाहीं म्हणून कोणासही उपचार नाकारला जाऊं नये, हें तिचें मुख्य सूत्र. तूर्त ४०,००० वस्तीमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावें, आणि त्यानें आलेला रोगी तपासून स्वस्थ न बसतां लस, बाळंतपण, पाणी, मैला यांकडेही पाहावें, असा तिचा आराखडा होता. १९५२ पासून अशीं केंद्रें निघूं लागलीं. पुढें देवीचा रोग गेला, २०१४ सालीं देश पोलिओमुक्त ठरला. हीं कामें दारोदार हिंडणाऱ्या सेविकांनीं केलीं, मोठ्या रुग्णालयांनीं नव्हेत.

अलीकडे सरकारचा ओढा दुसऱ्या बाजूस दिसतो. २०१८ मध्यें सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेखालीं पात्र कुटुंबास वर्षाकांठीं ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२४ मध्यें ती सत्तर वर्षें व त्यावरील सर्वांस, श्रीमंत-गरीब न पाहतां, खुली झाली; तेव्हां आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आजी-आजोबांचें कार्ड आलेंच असेल. शस्त्रक्रियेपायीं जेथें शेत गहाण पडतें, तेथें हा आधार मोठाच आहे. पण तो मिळतो अंथरुणास खिळल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी ही गांवच्या केंद्रांतूनच मिळावयाची. तेथील कपाट रिकामें राहिलें, तर अर्धांगवायू झाल्यावर लाखाचें बिल सरकारनें भरावें, हा व्यवहार आम्हांस उफराटा वाटतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचें ठरविलें होतें. २०२१-२२ सालीं, म्हणजे साथीच्या काळांतही, तो १.८४ टक्केच होता.

येथें आपल्याच वर्गाविषयीं स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. सरकारी दवाखान्याची पायरी आपण चढत नाहीं. आपला डॉक्टर निराळा, आपला विमा निराळा. त्या रांगेंत उभी असते ती आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई, तीही अर्ध्या दिवसाचा खाडा करून. ज्यांस अर्ज लिहितां येतो, अधिकाऱ्यास जाब विचारतां येतो, ते तेथून उठून गेले आणि न बोलणारे मागें राहिले. मग कपाट भरण्याची निकड कोणास भासावी? ब्रिटनमध्यें ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा लांबलचक रांगांच्या सर्व तक्रारी सोसून टिकली, याचें एक कारण आम्हांस असें दिसतें कीं, तेथील प्राध्यापक व वकीलही बहुधा तिच्याच दारीं जातो.

आमच्या वाचकांनीं उद्यांच आपला डॉक्टर सोडावा, असें आमचें म्हणणें नाहीं; तसें कोणी करणारही नाहीं. जवळच्या पालिकेच्या दवाखान्यांत एकदां जाऊन, रक्तदाबाच्या गोळ्या गेल्या वर्षीं किती महिने नव्हत्या, एवढेंच विचारून यावें. उत्तर टाळलें गेलें, तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, आणि अर्जास दहा रुपये पडतात.