आईच्या काखोटीला मारलेली फाइल

विकासात मागे पडलेल्या एका मुलावर आपल्याकडे पाच-सहा तज्ज्ञ काम करतात आणि त्यातला एकही दुसऱ्याशी बोलत नाही. हे मी ऐकीव लिहीत नाही. मी जिल्ह्याच्या गावी काम करणारी स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या आयांच्या काखोटीला एक फुगलेली प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामाचा कागद, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (ओटी) रिपोर्ट, मानसशास्त्रज्ञाने काढलेला बुद्ध्यांक, कानाची बेरा तपासणी आणि 'वर्गात बसत नाही' म्हणून शाळेने लिहिलेलं पत्र असतं. हे कागद लिहिणारी माणसं एकाच शहरात, कधीकधी एकाच इमारतीत बसतात आणि एकमेकांना साधा फोन करत नाहीत. एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचं काम त्या बाईचं. तिच्याकडून काही सांगायचं राहिलं की बोलणीही तिनेच खायची: 'तुम्ही घरी करून घेत नाही, म्हणून फरक पडत नाही.' हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलं आहे की ते उच्चारणाऱ्या माणसाची पदवी मला आता जाणून घ्यायची नसते.

सेरेब्रल पाल्सी असलेलं तीन वर्षांचं एक मूल माझ्याकडे 'बोलत नाही' म्हणून पाठवलं होतं. त्याला वरचेवर न्यूमोनिया व्हायचा. दर वेळी भरती, सलाइन, अँटिबायोटिक, घरी. मी आईला म्हटलं, डबा आणलाय ना, इथेच भरवा. ती जमिनीवर पाय पसरून बसली, मुलाला मांडीवर आडवं घेतलं, त्याचं डोकं कोपरावरून मागे लोंबलं, आणि तिने पातळ पेजेचा चमचा त्याच्या जिभेच्या मागे ओतला. मान अशी मागे पडली की श्वासनलिकेची वाट उघडी राहते आणि घोट फुप्फुसाकडे उतरतो. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, श्वास घरघरला, धड खोकताही येईना. आई म्हणाली, 'मॅडम, तो असाच जेवतो.'

बालरोगतज्ज्ञांनी प्रत्येक न्यूमोनियाला योग्य औषध दिलं होतं. फिजिओथेरपिस्ट मान धरायचा व्यायाम नेमाने घेत होते. दोघांनीही त्या मुलाला जेवताना पाहिलं नव्हतं, कारण पाहायला हवं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी फिजिओथेरपिस्टना बोलावून घेतलं. त्यांनी प्लास्टिकच्या लहान खुर्चीत टॉवेलच्या गुंडाळ्या लावून मुलाची कंबर काटकोनात बसवली, पायांखाली पाट दिला, हनुवटी किंचित छातीकडे आणली. पेज घट्ट करायला मी सांगितलं आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. पुढे भरतीच्या फेऱ्या कमी झाल्या. याला पैसा लागला नाही, यंत्र लागलं नाही. तीन माणसांनी एकाच ताटाकडे पाहायचं होतं. तेही घडलं ते माझी आणि त्या फिजिओथेरपिस्टची ओळख होती म्हणून. एखाद्या मुलाची फुप्फुसं दोन माणसांच्या ओळखीवर अवलंबून असावीत, ही व्यवस्था मला मान्य नाही.

ऑटिझममध्ये नुकसान असं एका घोटात दिसत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं खपून जातं. चार वर्षांच्या मुलाला मी चित्रांचं पुस्तक करून देते. पाणी हवं तर पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. शाळेत बाई ते पुस्तक कपाटात ठेवतात, कारण 'चित्रं दाखवायची सवय लागली तर तो बोलायचाच नाही'. संशोधन याच्या उलट आहे. चित्रांमुळे बोलणं अडत नाही. पण त्या बाईंच्या प्रशिक्षणात हे सांगायला कुणी गेलेलं नसतं. मग मूल पाण्यासाठी किंचाळतं, शाळा 'वर्तनसमस्या' असं लिहून देते, ते पत्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जातं आणि तिथून गोळी सुरू होते. तहानलेल्या मुलाला गोळी. या साखळीत कुणाचाही हेतू वाईट नव्हता आणि मुलाचं वाटोळं झालेलं आहे.

भाषेचा सल्ला तर याहून चीड आणणारा. 'शाळा इंग्रजी आहे ना, मग घरात इंग्रजीच बोला, दोन भाषांनी तो गोंधळतो.' जी आजी दिवसभर त्या नातवाला सांभाळते, घास भरवताना चिऊ-काऊची नावं घेते, तिचं तोंड या एका वाक्याने बंद होतं. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, याला आधार नाही. तरीही हा सल्ला देणारे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षक मला सतत भेटतात. भाषेचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांच्यासोबत ते कधी एका वर्गात बसलेले नाहीत.

घरचा अभ्यास प्रत्येक जण आपापला देतो. ओटीचं ब्रशिंग आणि झोपाळा, माझे आवाजांचे खेळ, विशेष शिक्षिकेचं टेबलावरचं काम, फिजिओचे स्ट्रेचिंग. सगळ्याची बेरीज केली तर ती आई सकाळपासून रात्रीपर्यंत थेरपीच करत बसेल. दुसरं मूल, स्वयंपाक, नोकरी, तिची झोप, यातलं काहीच त्या बेरजेत मावत नाही. ही बेरीज करायला चौघांनी एकत्र बसावं लागतं, आणि खासगी सेंटरमध्ये पावती फाटते ती पंचेचाळीस मिनिटांच्या सेशनची, एकत्र बसण्याची नाही. पालकांना सगळ्यांकडून मिळून एक प्रामाणिक उत्तर मिळालं नाही की ते स्टेम सेल विकणाऱ्याच्या दारात जातात. ऑटिझमसाठी त्या उपचाराला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मान्यता नाही, हे त्यांना कुणी तरी वेळेवर सांगायला हवं होतं. प्रत्येकाला वाटलं की ते दुसऱ्याने सांगितलं असेल.

या फाटाफुटीचं मूळ आमच्या शिक्षणात आहे. डॉक्टर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात घडतात. मी, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट १९९२ च्या कायद्याने झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेखाली. फिजिओ आणि ओटी यांची महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद, शिवाय २०२१ पासून त्यांच्यासाठी केंद्राचा निराळा कायदा. परिचारिकांचं वेगळं, साध्या शाळेतल्या शिक्षकांचं वेगळं. आपल्या विद्यार्थ्याने काय शिकावं हे प्रत्येक परिषद ठरवते. त्याने दुसऱ्याच्या विद्यार्थ्याबरोबर काय शिकावं, हे कुणाच्याच अखत्यारीत नाही. मंत्रालयातही तोच प्रकार. मूल अंगणवाडीत असेल तर महिला व बालविकास, जिल्हा रुग्णालयात गेलं तर सार्वजनिक आरोग्य, साध्या शाळेत शालेय शिक्षण, विशेष शाळेत दिव्यांग कल्याण. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला, ते चांगलंच झालं. पण मूल एका विभागाकडून दुसऱ्याकडे गेलं की त्याची माहिती अजूनही आईच्या फाइलमधूनच जाते.

एकत्र काम करायची जागा कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची फिरत्या पथकाने तपासणी करायची आणि विकासात मागे पडलेलं मूल सापडलं की ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं. या केंद्राच्या आराखड्यात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, समाजसेवक, सगळे एका छपराखाली आहेत. मी पाहिलेल्या एका केंद्रात छप्पर एकच होतं, पण खोल्या निरनिराळ्या, रजिस्टर निरनिराळी, आणि मूल दारादारांतून फिरत होतं. महिन्याच्या अहवालात किती मुलं तपासली त्याचा रकाना होता. किती मुलांसाठी सगळ्यांनी मिळून एक आराखडा केला, असा रकाना नव्हता. सरकारी नोकरीत जे विचारलं जात नाही ते केलं जात नाही, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. डॉक्टर-मानसशास्त्रज्ञांच्या सह्या एका कागदावर येतात त्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर, टक्का ठरवायला. पुढे त्या मुलाचं काय करायचं, त्या कागदावर कुणाचीच सही नसते.

ही मूठभर मुलांची गोष्ट असती तरी मी एवढंच भांडले असते. पण ती मूठभर नाहीत. इन्क्लेन या संशोधन संस्थेचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांची मुलं तपासली गेली. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, मिरगी, ऐकण्या-बघण्याच्या अडचणी अशा नऊ प्रकारांपैकी किमान एक असलेली मुलं साधारण आठांत एक निघाली. यावर अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: तज्ज्ञच नाहीत. नाहीतच. म्हणून तर जे आहेत त्यांनी एकमेकांचं काम ओळखणं आणि ते खालपर्यंत शिकवणं जास्त गरजेचं आहे. गोव्यात संगाथ संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत झालेली 'पास' ही चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण आणि देखरेख देऊन त्यांच्याकडून ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसोबत काम करून घेतलं. मुलं ६५ होती, म्हणजे अभ्यास लहान होता, आणि सगळ्या मोजमापांत फायदा दिसला नाही. पण पालकांचं मुलाच्या कलाने वागणं वाढलं आणि मूल आपणहून संवाद सुरू करू लागलं. नीट शिकवलेली साधी कार्यकर्ती हे करू शकते, तर आमच्या आशाताई आणि अंगणवाडीताईंना आपण फक्त फॉर्म भरायला का ठेवलं आहे? अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रोटोकॉल काढला. पुस्तिका ताईच्या हातात देणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. लक्षण ओळखून तिने मूल पुढे पाठवल्यावर समोरच्या डॉक्टरने तिचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, आणि त्यासाठी शिकवायचं आहे त्या डॉक्टरला.

प्रशिक्षणाच्या नावाखाली जे चालतं ते मला चांगलं माहीत आहे. हॉटेलचा हॉल, पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, दिवसभर स्लाइड, जेवण, प्रमाणपत्र. डॉक्टर पुढच्या रांगेत, थेरपिस्ट मध्ये, विशेष शिक्षक मागे, पालक एखाद-दुसरा आणि तो 'अनुभवकथन' करून रडण्यापुरता. संध्याकाळी सगळे जसे आले तसे जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच स्पष्ट लिहून ठेवलं आहे की वेगवेगळ्या पेशांच्या लोकांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं असतं. या तिन्हीपैकी त्या हॉलमध्ये काहीच घडत नाही.

अमेरिकेत लेंड नावाचे प्रशिक्षण कार्यक्रम आहेत. त्यांचं मूळ केनेडींच्या काळातल्या १९६३ च्या कायद्यात. राष्ट्राध्यक्षांची सख्खी बहीण रोझमेरी बौद्धिक अक्षमतेसह जगत होती. या कार्यक्रमांत डॉक्टर, थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांचे पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र शिकतात. दीर्घ अभ्यासक्रमाला किमान ३०० तास द्यावे लागतात, आणि कुटुंबातली माणसं व स्वतः अपंगत्वासह जगणारी माणसंही त्या वर्गात बसतात. तिथला पैसा आपल्याकडे नाही, हे मला कुणी सांगू नये. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयं आहेत, त्यांना जोडलेली वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची पुनर्वसन संस्था आहे, वांद्र्याला १९८३ पासूनची अली यावर जंग संस्था आहे. इंटर्न आहेत, आणि त्यांच्याकडे वर्षभराची सक्तीची नेमणूक आहे. कमी आहे ती वरच्या माणसाने खालच्या मानलेल्या माणसाकडून शिकायची तयारी.

खरी अडचण हीच आहे आणि ती कुणी कागदावर घेत नाही. एमबीबीएस झालेला मुलगा सतरंजीवर बसून विशेष शिक्षिकेकडून काही शिकेल, ही कल्पनाच आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांना झेपत नाही. मीही डॉक्टरांना 'सर' म्हणते, आणि विशेष शिक्षिका मला 'मॅडम'. या पायऱ्यांवर सगळ्यात खाली उभी असते ती आई, जिच्याकडे त्या मुलाची सगळ्यात जास्त माहिती असते.

म्हणून माझी मागणी सेमिनारची नाही. वैद्यकीय, ओटी, फिजिओ, स्पीच, नर्सिंग, मानसशास्त्र, समाजकार्य आणि विशेष बी.एड. यांच्या शेवटच्या टप्प्यातल्या विद्यार्थ्यांची जिल्हा केंद्रात एकत्र नेमणूक करा. प्रत्येक गटाला एक मूल द्या. त्यांनी त्या मुलाच्या घरी जावं, जेवताना पाहावं, शाळेत जाऊन वर्गात बसावं, आईने दिवसभरात काय झेपेल म्हटलं ते लिहून घ्यावं आणि एकाच पानावर आराखडा करून सगळ्यांनी सही करावी. त्या पानाची प्रत शाळेला आणि अंगणवाडीताईला जावी. परीक्षेत त्याला गुण असावेत, नापास होण्याइतके. गुण देणाऱ्यांत एक पालक असावा आणि इतर परीक्षकांइतकंच मानधन त्याला मिळावं. हे मी एका बैठकीत मांडलं तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, 'पालक आमच्या विद्यार्थ्यांना नापास करणार?' करतील. आराखडा त्यांच्या घरात चालत नसेल तर त्यांनी करायलाच हवं, आणि त्या विद्यार्थ्याने पुढच्या सत्रात दुसऱ्या मुलाच्या घरी जाऊन पुन्हा सुरुवात करावी.