झाडांची रात्र

लंडनमध्ये डिसेंबर महिन्यात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. बहुतेक झाडांची पाने गळून गेलेली असतात. थंडी तर विचारूच नका! अशा वेळी बागेत कोण जाईल, असे तुम्हांला वाटेल. पण तेथील क्यू या वनस्पती उद्यानात याच दिवसांत तिकीट काढून लोकांची रीघ लागते.

क्यू उद्यानाची सुरुवात १७५९ साली झाली. जगभरातील वनस्पतींचा अभ्यास तेथे चालतो. नाताळच्या निमित्ताने तेथे दिव्यांची वाट सजवण्याची प्रथा मात्र अलीकडची, २०१३ सालापासूनची आहे. नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत ही रोषणाई असते. आखून दिलेल्या वाटेने चालत जायचे. कुठे उघड्या फांद्यांवर रंगीत प्रकाश पडलेला, कुठे दिव्यांचा बोगदा. तळ्याकाठी १८४८ साली पूर्ण झालेले लोखंड आणि काचेचे भव्य ताडगृह आहे. ते उजळले, की त्याचे प्रतिबिंब पाण्यात थरथरते. एरवी हिवाळ्यात ओस पडणारी बाग मुलाबाळांनी गजबजते आणि तिकिटांचे पैसे उद्यानाच्या कामी येतात. मला यात काही वावगे दिसत नाही.

पण हे पाहून आपणही आपल्या बागांत तसेच करावे का? येथे थोडे थांबायला हवे.

लंडनची पानगळीची झाडे त्या वेळी गाढ झोपलेली असतात. कीटकही फारसे बाहेर पडत नाहीत. आपला हिवाळा तसा नाही. पौष-माघात आंब्याला मोहोर येतो. वडा-पिंपळावर पक्षी रात्रीच्या मुक्कामाला येतात. वटवाघळे तर अंधारातच फळे शोधतात. शेवंतीचेच पाहा ना. तिला कळ्या येण्यासाठी मोठी, अखंड रात्र लागते. म्हणूनच फुले उशिरा हवी असतील, तर फुलशेती करणारे रात्री शेवंतीवर दिवे लावतात. म्हणजे रात्र किती मोठी आहे, हे रोपाला समजते! मग आपण झाडाच्या डोक्यावर रात्रभर माळा पेटवतो, तेव्हा त्याला काहीच कळत नसेल का?

रोषणाई नकोच, असे माझे म्हणणे नाही. कमानीवर लावा, भिंतीवर लावा, वाटेच्या कडेला जमिनीलगत लावा. मुलांनी बागेत येऊन आनंद करावा, यासारखे चांगले काय? फक्त रात्री वेळेवर दिवे मालवावेत.

क्यूची वाट जानेवारीत आवरली जाते. आपल्याकडे मात्र सण होतो, लग्न होते, पाहुणे परत जातात. तरी चौकातल्या झाडाला आवळलेली तार तशीच राहते. खोड दरवर्षी जाड होत जाते आणि तार सालीत रुतत जाते.